डोंगरातल्या रायडर मीट बंद करून नक्की काय बंद होणार आहे?

दर पावसाळ्यात हा वाद नव्याने पेटतो. कुठल्यातरी घाटात कुणीतरी पडतं, नाहीतर एखाद्या गावातून रविवारी भल्या पहाटे तीस-चाळीस बुलेट धडधडत जातात, त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरतो आणि मग दोन तट पडतात. एकांचं म्हणणं, या बायकर लोकांचे मेळावे बंदच करून टाका, डोंगरात पाय ठेवू देऊ नका यांना. दुसऱ्यांचं म्हणणं, रस्ता काय कुणाच्या बापाचा आहे का, आम्ही रोड टॅक्स भरतो, पेट्रोलवर कर भरतो, आम्हाला अडवणारे तुम्ही कोण. दोघांनाही एकमेकांचं ऐकायचंच नाहीये, आणि मला वाईट याचं वाटतं की ज्या मेळाव्यावरून एवढं भांडण चाललंय तिथं नेमकं काय होतं हे बंदी मागणाऱ्यांतल्या बहुतेकांनी कधी बघितलेलं नसतं, आणि त्या दोन दिवसांत शेजारच्या गावाला काय वाटलं हे रायडर्सनी कधी विचारलेलं नसतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लांब पल्ल्याच्या रायडर्सचे डोंगरातले मेळावे बंद करू नयेत. लांबची राइड कशी करायची, कधी थांबायचं, परक्या गावात कसं वागायचं हे शिकायला आपल्याकडे दुसरी जागाच नाहीये, आरटीओच्या टेस्टला आठचा आकडा काढला की लायसन हातात आणि तिथून पोरगं थेट माळशेज घाटात. मेळावा बंद केला तर डोंगरात येणाऱ्या बाइक कमी होणार नाहीत, फक्त त्यांना दोन गोष्टी सांगणारी माणसं नाहीशी होतील. पण याच्याच जोडीला तितक्याच ठामपणे हेही म्हणतो की मेळावा कुणाच्या तरी गावात भरतो, गाव यजमान आहे, आणि यजमानाला अटी घालायचा पूर्ण अधिकार आहे.

मागच्या हिवाळ्यात भंडारदऱ्याच्या बाजूला अशा एका मेळाव्याला गेलो होतो. धरणाच्या पाण्यापासून जरा वर एक मोकळा माळ, समोर कळसूबाईची रांग, तंबू आणि एक मोठा मांडव, बस. नाशिक, पुणे, नागपूर, हुबळी, इंदूर, कुठून कुठून माणसं आली होती. बाहेरच्यांना वाटतं तशा सगळ्या काही लाखा-लाखांच्या गाड्या नव्हत्या, पल्सर होत्या, शाइन होती, एक गृहस्थ जुन्या यझदीवर आलेले आणि त्यांच्याभोवती दिवसभर पोरांचं कोंडाळं. दुपारी त्यांनी क्लच केबलची एक साधी गोष्ट दाखवली. लांब जायचं असेल तर नवी केबल बॅगेत ठेवायची नाही, जुन्या केबलला समांतर आधीच ओढून झिपटायने बांधून ठेवायची, म्हणजे रस्त्यात जुनी तुटली की फक्त दोन टोकं बदलायची, टाकी उतरवायची नाही, हेडलाइट खोलायचा नाही, दहा मिनिटांत गाडी चालू. मग टायर. स्पोकच्या चाकाच्या बऱ्याच गाड्यांना अजून ट्यूब असते, तिथं ट्यूबलेस टायरसारखा बाहेरून प्लग मारून भागत नाही, टायर उघडावाच लागतो, आणि रिमला घट्ट बसलेली टायरची कड हाताने सुटत नाही. तर चाक आडवं टाकायचं, दुसऱ्या गाडीचा साइड स्टँड बरोबर टायरच्या कडेवर टेकवायचा आणि ती गाडी हळूहळू त्यावर रेलायची. टक्क आवाज येतो आणि कड सुटते. बावीस-तेवीस वर्षांची पोरं हे डोळे मोठे करून बघत होती, आणि मग यझदीवाल्या काकांनी प्रत्येकाला ते स्वतःच्या हाताने करायला लावलं.

त्याच्यानंतर एका नर्स ताईंनी अपघात झालेल्याचं हेल्मेट कसं काढायचं ते दाखवलं, म्हणजे खरंतर कधी काढायचं नाही ते आधी सांगितलं. माणूस श्वास घेतोय, बोलतोय, तर हात लावू नका, १०८ ला फोन करा. काढणं भागच असेल तर दोघं पाहिजेत, एकाने मान आणि जबडा खालून धरून ठेवायचा, दुसऱ्याने पट्टा सोडून हेल्मेट बाजूने फाकवत सरळ रेषेत ओढायचं. आणि एक गोष्ट त्यांनी तीन-तीनदा सांगितली, की मदत करणाऱ्याला आता कायद्याचं संरक्षण आहे, मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १३४-अ हे कलमच त्यासाठी आलंय, पोलीस चौकशीच्या भीतीने रस्त्यावर पडलेल्या माणसाला सोडून जाऊ नका. आता मला सांगा, हे आपल्याला शाळेत शिकवलं का, कॉलेजात शिकवलं का, लायसन देताना कुणी सांगितलं का?

यावर एक उत्तर हमखास येतं की अहो हे सगळं यूट्यूबवर आहे. आहे ना, माहिती आहेच. पण त्याच मोबाइलवर घाटात हात सोडून चालवणाऱ्यांचे रील पण आहेत आणि त्यांना लाखांनी व्ह्यू आहेत, नवीन पोरगं कुठलं आधी बघणार? शिवाय व्हिडिओ तुमच्या चेहऱ्याकडे बघून तुम्हाला थांबवत नाही. त्या संध्याकाळी एका पोराला रात्रीच पुण्याला परत निघायचं होतं, सकाळी ऑफिस होतं त्याला, आदल्या रात्री झोप नाही, दिवसभर उन्हात. "काका, रस्ता मोकळा असतो रात्री, चार-साडेचार तासांत घरी." यझदीवाले काका म्हणाले, "तुझ्या डोळ्यांत बघ बाळा, लाल झालेत. तू आत्ता निघालास तर मी तुझ्या मागे येणार, आणि मला साठी झालीये, मला पण झोपू देत नाहीस तू." पोरगं हसलं, तंबूत गेलं आणि पहाटे निघालं. कुठला कायदा, कुठला चेकपोस्ट हे करू शकतो? बंदीने नेमकं हेच बंद होणार आहे, आणि म्हणून मला या बंदीच्या मागणीचा राग येतो.

आता विरोधकांच्या बाजूचं जे खरं आहे ते खरं म्हणूनच मान्य करायला पाहिजे, आणि त्यात सगळ्यात खरा मुद्दा आवाजाचा आहे. फटाका सायलेन्सर लावून गावातून जाणाऱ्याच्या बाजूने बोलायला माझ्याकडे एक शब्दही नाही. पण रायडर्सनी इथं सोयीची पळवाट काढलीये, की आमच्या गाड्या कंपनी सायलेन्सरच्या आहेत, आवाज करणारे ते दुसरे. हे पुरेसं नाहीये. १७५ सीसीच्या वरच्या मोटरसायकलला कंपनीतून बाहेर पडताना ८० डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबलचं गणित असं की आवाज करणाऱ्या गोष्टी दुप्पट झाल्या की ३ डेसिबल वाढतात, म्हणजे नियमात बसणाऱ्या वीस गाड्या एकत्र गेल्या तर एकटीच्या मानाने साधारण १३ डेसिबलची भर पडते. एकाही गाडीने कायदा मोडलेला नसतो आणि तरी अरुंद गल्लीत घरांची पत्र्याची छपरं थरथरतात, पाळण्यातलं पोर दचकून उठतं, दावणीची गाय दोरी ओढते. दोष एकेका गाडीचा नसेलही, पण सगळ्यांनी मिळून एका वेळी जाण्याचा नक्की आहे, आणि तो दोष मेळाव्याचाच आहे. तो मान्य केला की उपाय सोपा आहे, पाच-पाचच्या तुकड्या करा, मध्ये दहा मिनिटं सोडा, गावाच्या वेशीपासून वेशीपर्यंत वरच्या गिअरमध्ये हळू जा, सात वाजायच्या आत आणि अंधार पडल्यावर गावातून जायचंच नाही. चाळीस जणांची रांग फोटोत छान दिसते एवढ्यासाठी गावाने का सोसायचं?

युरोपात हे भांडण आपल्या आधी होऊन गेलंय. ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांतात, आल्प्सच्या घाटातल्या रॉयटे जिल्ह्यात, २०२० च्या जूनपासून ज्या मोटरसायकलच्या कागदपत्रांवर उभ्या गाडीचा आवाज ९५ डेसिबलच्या वर लिहिलेला आहे त्यांना ठरावीक रस्त्यांवर बंदी घातली गेली. शेजारी जर्मनीत त्याच सुमाराला सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलींवर बंधनं घालायची चर्चा निघाली आणि हजारो रायडर रस्त्यावर उतरले. टिरोलच्या नियमात खोट होती, कागदावरचा आकडा धरल्यामुळे कंपनीची न छेडलेली गाडी अडायची आणि कागदावर गरीब दिसणारी पण सायलेन्सर बदललेली गाडी त्या आकड्यावरून तरी सुटायची. पण एक गोष्ट त्या नियमाने बरोबर केली, त्याने आवाजाला हात घातला, बायकर नावाच्या माणसाला नाही. आपल्याकडे उलटं होतं. जॅकेट, सॅडलबॅग, घोळका दिसला की अडवा, आणि शेजारून एकटाच फट् फट् करत जाणाऱ्याला कुणी विचारत नाही, कारण तो मेळाव्यातला दिसत नाही.

दुसरा मोठा मुद्दा अपघातांचा. हा मुद्दा हलका नाहीये, आणि ज्यांच्या घरातला माणूस घाटात गेलाय त्यांच्याशी मी आकड्यांचा वाद घालणार नाही. पण धोरण ठरवायचं तर आकडे बघावेच लागतील. केंद्र सरकारच्या २०२२ च्या अहवालात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, त्यात दुचाकीवरची ७४,८९७. आणि हेल्मेट नसताना मेलेले ५०,०२९. म्हणजे दुचाकीवर मेलेल्या तिघांतल्या दोघांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. ही माणसं बहुतेक कुठल्या मेळाव्याला चालली नव्हती, कामावर, बाजाराला, लग्नाला चालली होती. मी ज्या मेळाव्याला होतो तिथं माळावरून पाणी आणायला दोनशे मीटर जायचं तरी गाडीवर बसणारा हेल्मेट घालत होता, नाही घातलं तर बाकीचे ओरडायचे. ज्या सवयीच्या अभावाने आपल्याकडे वर्षाला पन्नास हजार माणसं मरतात ती सवय जिथं आपोआप लागते ती जागा सुरक्षेच्या नावाखाली बंद करायची, हा कुठला हिशोब? हां, लांबच्या राइडला वेग असतो, अनोळखी रस्ता असतो, थकवा असतो, हे धोके वेगळे आहेत आणि खरे आहेत. पण त्यांच्यावरचा इलाज परत तोच, अनुभवी माणसाच्या मागून चालवणं, दर तासा-दीड तासाला थांबणं, फाट्यावर एक जण उभा करून शेवटचा येईपर्यंत त्याला हलू न देणं म्हणजे मागच्याला हरवायच्या भीतीने पळवावी लागत नाही. हे सगळं घोळक्यात शिकायला मिळतं, एकट्याला कोण सांगणार.

बंदी सोपी का वाटते हेही समजून घेतलं पाहिजे. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या वरच्या बाजूला एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यानंतर लगेच पर्यटनाच्या ठिकाणांवर निर्बंधांचे आदेश निघाले. त्या वेळी ते करणं भाग होतं, कुठल्याही प्रशासनाने तेच केलं असतं. पण आदेश ठरावीक तारखेपर्यंत असतो, आणि पुढच्या पावसाळ्यात जे लोक येतात ते तितकेच अनभिज्ञ असतात कारण मधल्या काळात त्यांना कुणी काही शिकवलेलं नसतं. आदेशाने जागा बंद होते, माणसाची अक्कल वाढत नाही, ती वाढायला माणसात बसावं लागतं.

आणि घोळक्याची बदनामी कशी तयार होते याचा एक जुना दाखला आहे. १९४७ साली ४ जुलैच्या सुट्टीत कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर नावाच्या छोट्या गावात काही हजार लोक मोटरसायकलींवर आले, गावाच्या लोकसंख्येएवढेच जवळपास. दारू झाली, रस्त्यावर शर्यती लागल्या, अटका झाल्या, हे घडलंच. पण त्यातून देशभर जे चित्र गेलं ते लाइफ मासिकातल्या एका फोटोचं, बाटल्यांच्या ढिगात गाडीवर झिंगून बसलेला एक माणूस. तो फोटो बाटल्या गोळा करून मुद्दाम मांडलेला होता असं तिथं हजर असलेल्या माणसाने नंतर सांगितलं, पण तोवर मोटरसायकलवाला म्हणजे गुंड हे समीकरण पक्कं झालं होतं. याच हॉलिस्टरने पन्नास वर्षांनी, १९९७ मध्ये, त्या घटनेच्या स्मरणार्थ रॅली भरवली, दुकानदारांना धंदा मिळाला, आणि पुढे बंदोबस्ताचा खर्च कुणी उचलायचा यावरून ती काही वर्षं बंद पण पडली. मला यात दोन्ही बाजूंना सांगण्यासारखं दिसतं. एका व्हिडिओवरून हजारो माणसांचा न्याय करू नका, हे गावाला. आणि तुमच्या आनंदाचा बंदोबस्त दुसऱ्याच्या खिशातून होत असेल तर तो फार दिवस चालणार नाही, हे रायडर्सना.

पण खरं सांगायचं तर अमेरिका-ऑस्ट्रियापर्यंत जायची गरजच नाहीये. शेकडो किलोमीटर चालत, गावागावांत मुक्काम करत, प्रचंड संख्येने जाणाऱ्या समुदायाची शिस्त कशी असते हे जगाला शिकवावं असं आपल्याकडे आहे. आळंदीच्या पालखी सोहळ्याला आजचं शिस्तबद्ध रूप हैबतबाबा आरफळकरांनी दिलं, १८३२ च्या सुमाराला, आणि ते स्वतः शिंद्यांच्या पदरी सरदार होते, म्हणून त्यात लष्करी नेमकेपणा आला. प्रत्येक दिंडीला नंबर, रथाच्या पुढची कुठली मागची कुठली हे ठरलेलं, विणेकरी ठरलेला, तक्रार कुणी कुठे मांडायची तेही ठरलेलं, आणि चोपदाराने चोप उंच केला की हजारो माणसं क्षणात गप्प. कुणी म्हणेल वारी ही भक्ती आहे आणि तुमचं ते हौस, तुलना करूच नका. बरोबर आहे, भावाची तुलना मी करतच नाहीये, माझी तेवढी छाती नाही. मी फक्त एवढंच दाखवतोय की परक्या गावातून जाणाऱ्या गर्दीला वळण लावता येतं आणि ते गर्दीच्या आतूनच लागतं. आणि वारीचेही प्रश्न होतेच की. चंद्रभागेच्या वाळवंटातल्या घाणीवरून प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथल्या मुक्कामावर बंधनं आली, मग पंढरपुरात ६५ एकरची जागा वारकऱ्यांसाठी तयार झाली, निर्मल वारीतून मुक्कामाच्या गावांत फिरती शौचालयं आली, स्वयंसेवक आले. वारी बंद करा असं कुणाच्या मनातही आलं नाही, सगळ्यांनी विचार केला तो सोय कशी लावायची याचा. मोठ्या गोष्टीला जो न्याय लावला तोच लहान गोष्टीला लावायला काय हरकत आहे?

याच्या जवळचं दुसरं उदाहरण कासचं. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा यादीत गेली, त्यात कास होतं, आणि मग फुलांच्या दिवसांत साताऱ्याच्या वर गाड्यांची रीघ लागली, फुलांवर बसून फोटो, जेवणाच्या पत्रावळ्या तिथंच. तिथं पठार बंद नाही केलं. दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घातली, आधी बुकिंग, तिकीट, आणि वन विभागाच्या जोडीला कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या समित्या कामाला लागल्या, गावातली पोरं गाइड झाली, पार्किंगला उभी राहिली. चुका पण झाल्या, कुंपण घातलं तर गुरांचं चरणं बंद झालं आणि त्यामुळे फुलांचं गणित बिघडतंय अशी ओरड झाली, पुढे कुंपण काढायचा निर्णय झाला. ते दुरुस्त होऊ शकलं कारण बोलायला माणसं जागेवर होती.

आता पैशाचा मुद्दा, ज्याच्यावर रायडर लोक सगळ्यात जास्त थापा मारतात. आम्ही येतो म्हणून गावाला रोजगार मिळतो. कुणाला मिळतो? बहुतेक वेळा जागा शहरातल्या माणसाने विकत घेतलेली, केटरर तालुक्याहून नाहीतर थेट पुण्याहून आलेला, पाण्याच्या बाटल्यांचे बॉक्स शहरातून भरून आणलेले, आणि गावाच्या वाट्याला येतो तो आवाज आणि सोमवारी सकाळी माळावर उरलेलं प्लास्टिक. अकोले तालुक्याच्या त्या पट्ट्यात नागली पिकते, वरई पिकते, भात पिकतो, बायकांचे बचत गट आहेत, शंभर माणसांना नागलीची भाकरी आणि पिठलं करून घालायला त्यांना काय अवघड आहे? पण त्यांना महिनाभर आधी सांगावं लागतं, थोडी उचल द्यावी लागते, भांडी आहेत का ते विचारावं लागतं. एवढे कष्ट आयोजक घेत नाहीत आणि वर स्थानिक अर्थव्यवस्थेच्या गोष्टी करतात. हा आरोप शंभर टक्के खरा आहे. फक्त त्याचा निष्कर्ष मेळावा बंद करणं हा नाही, ऑर्डर बचत गटाला देणं हा आहे.

हे श्रीमंतांचं खूळ आहे असंही म्हणतात, त्यावर फार बोलत नाही, गाड्यांची यादी वर दिलीच आहे. त्याच्यापेक्षा बायकांचं सांगतो, कारण ते कुणी बोलतच नाही. त्या मेळाव्यात मुली आणि बायका बऱ्याच होत्या, कुणाच्या मागे बसून आलेल्या नाही, स्वतः चालवत आलेल्या. नाशिकच्या एका ताईंनी सांगितलं की एकटीने लांब जायचं तर सगळ्यात मोठी अडचण घाट नाही, ट्रक नाही, पंपावरच्या स्वच्छतागृहाचं कुलूप आहे, किल्ली मॅनेजरकडे आणि मॅनेजर जेवायला गेलेला. त्यांच्याकडे एक वही होती, कुठल्या रस्त्यावर कुठला पंप स्वच्छ आहे, कुठल्या गावात कुठल्या मावशी एकट्या बाईला रात्री राहायला जागा देतात, कुठल्या लॉजच्या दाराला आतून कडी नीट लागत नाही. संध्याकाळी सात-आठ मुली गोल करून बसल्या आणि त्या वहीतून उतरवून घेत होत्या, आपापल्या भागातलं त्यात भर घालत होत्या. ही माहिती कुठल्याही सरकारी पर्यटन नकाशावर नाही. एका बाईने दुसऱ्या बाईला तोंडी सांगितल्याशिवाय ती विश्वासाची होत पण नाही. बंदीवाल्यांनी या वहीचं काय करायचं ते सांगावं.

आणि आपल्याच बाजूच्या लोकांना थोडं स्पष्ट बोलायला पाहिजे. लग्नातला डीजे चालतो मग आमचा आवाज का नाही, ट्रकवाले कुठे नियम पाळतात, कारवाले कचरा टाकतात त्यांना कुणी बोलत नाही, ही उत्तरं देणं सोडून द्या. दुसऱ्याचा डीजे वाईट आहे म्हणून आपला सायलेन्सर चांगला होत नाही. संचाराचं स्वातंत्र्य घटनेने दिलंय हेही खरं, पण कलम १९ मध्येच सार्वजनिक हितासाठी वाजवी निर्बंध घालता येतात हेही लिहिलंय, आणि त्याच उपकलमात अनुसूचित जमातींच्या हिताचं संरक्षण हेही कारण म्हणून दिलेलं आहे. भंडारदऱ्याच्या डोंगरातली बरीचशी गावं महादेव कोळी समाजाची आहेत, बाजूला अभयारण्य आहे. तिथं जाऊन हक्काची भाषा बोलायची असेल तर पूर्ण कलम वाचून जा. मे-जूनमध्ये तिथं काजव्यांचे दिवस असतात, नर लुकलुकून मादीला खूण करतो, त्यात शंभर हेडलाइट आले की सगळं बिघडतं. मग त्या महिन्यात मेळावा घ्यायचाच नाही, हे वन खात्याने सांगायची वाट कशाला बघायची?

जर्मनीत एक मेळावा १९५६ पासून भरतो, ऐन थंडीत, पहिल्या वेळी वीसेक साइडकारवाले जमले होते, आता हजारोंनी येतात आणि बव्हेरियाच्या जंगलात थुर्मान्सबांग गावाजवळच्या दरीत बर्फात तंबू ठोकून राहतात. तो इतकी वर्षं टिकलाय कारण त्याच्यामागे एक नोंदणी असलेली संघटना उभी असते, काही झालं तर कुणाला पकडायचं हे गावाला माहीत असतं. आपल्याकडे मेळाव्याचं पोस्टर असतं, त्यावर लोगो असतो, क्यूआर कोड असतो, पण जबाबदार माणसाचं नाव नसतं. इथूनच सुरुवात करायला पाहिजे. नाव आणि फोन नंबर ग्रामपंचायतीत लेखी, प्रत्येक गाडीमागे ठरावीक रक्कम पंचायतीच्या खात्यात, कचऱ्याची अनामत आधी भरायची आणि सोमवारी पोलीस पाटलांनी माळ बघून परत द्यायची, गेटवर सायलेन्सर तपासायचा आणि बदललेला दिसला तर कितीही जुना मित्र असू दे, परत पाठवायचा. या शेवटच्या अटीवर आयोजकांमध्ये आत्ताच कडाक्याचं भांडण चालू आहे, काही जण म्हणतात अर्धे लोक येणार नाहीत. नाही आले तर नाही आले, अर्ध्यांचा मेळावा भरवू.

पुढच्या हिवाळ्याची जागा अजून ठरायची आहे. पोस्टर छापायच्या आधी त्या गावची ग्रामसभा कधी आहे ते विचारा, आपली दोन माणसं तिथं पाठवा, आयोजकांतला एक आणि बायकांतली एक, आणि सगळ्या अटी वाचून दाखवून गावाच्या अटी त्यात लिहून घ्या. गाव नको म्हणालं तर त्या वर्षी दुसरं गाव बघायचं, आणि का नको म्हणालं ते विचारून यायचं.